दोन कानांच्या दोन पट्ट्या

वॉरिक ट्रेम्बाथ मेलबर्नपासून दूर, कोराबिन गावात टायर बसवायचा आणि वर्षातून एकदा, मार्चच्या लांब सुट्टीतल्या रविवारी सकाळी, ग्लेनिस हॉस्किनच्या मेंढ्यांच्या माळावर काही शे माणसांना नाचवायचा. पहिलं काम पोटासाठी होतं. दुसरं कशासाठी होतं ते त्याला कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

गावात त्याला ट्रेम म्हणत. तो वाजवायचा ते संगीत ट्रान्स. त्याबद्दल दोन गोष्टी कळल्या की पुरे. लय मिनिटाला एकशे अडतीस ठोक्यांच्या आसपास, म्हणजे जिना धावत चढणाऱ्या माणसाच्या छातीइतकी. आणि गाणी जवळजवळ सगळी कोमल गंधाराची, त्यामुळे लोक हात वर करून नाचत असले तरी चेहरे मयताला आल्यासारखे.

डीजेचं काम गाणी लावण्याचं नसतं, जोडण्याचं असतं. एक संपायच्या आत दुसरं त्याच्यातूनच उगवलं पाहिजे, मिनिटभर तरी दोन्ही एकत्र चालली पाहिजेत आणि सांधा कुणाला दिसता कामा नये. लय जुळवणं कुणालाही जमतं, आता तर यंत्रालाही जमतं. पट्टी जुळवणं हा ट्रेमचा धर्म होता. चालू गाणं पांढरी सहात असेल तर येणारं पांढरी सहात, किंवा तिच्या शेजारधर्मातल्या पांढरी दोन किंवा तीनमध्ये. बाकीच्यांना दार बंद. ही सोयरीक दाखवणारं एक गोल चक्र असतं, घड्याळासारखं बारा घरांचं. ते ट्रेमने गॅरेजमधल्या कॅलेंडरवरच चिकटवलं होतं. तिथे टायर बदलायला आलेल्याला आपला पांढरी सहाचा पंचम सापडायचा, तारीख नाही.

हल्लीच्या यंत्रांच्या पडद्यावर गाण्याची पट्टी आकड्यात दिसते. ट्रेमने त्या आकड्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावली होती. "आकडा बघून गाणं जोडणं म्हणजे पत्रिका बघून लग्न," तो म्हणायचा. त्याचं स्वतःचं लग्न पबच्या पार्किंगमध्ये ठरलं होतं आणि चांगलं चाललं होतं, म्हणून आम्ही ऐकून घ्यायचो. त्याची बायको लिनेट, तिच्या भाचीच्या लग्नात बँड एका पट्टीत आणि कॉफीचं मशीन दुसऱ्या पट्टीत गुणगुणत होतं म्हणून हा जेवण टाकून बाहेर गाडीत बसला. लिनेटने त्याची प्लेट तिथे नेऊन दिली. दार उघडून आत सरकवली आणि काही न बोलता परत आली. बावीस वर्षांच्या संसारात माणसाला कुठे बोलायचं नाही ते कळतं.

गेल्या ऑक्टोबरात बेकरीच्या दारावरची घंटा बिघडली. लिनेट त्या बेकरीत काम करते.

"ही चढली आहे," ट्रेम म्हणाला.

"घंटा आहे ती, ट्रेम. ती वाजली, मी वर बघितलं, तू आत आलेला दिसलास. तिचं काम झालं."

मग मायक्रोवेव्ह बिघडला. मग कचऱ्याची गाडी मागे घेताना वाजते ती शिट्टी. मग हेडफोन, म्हणून त्याने नवे मागवले, आणि ते परत पाठवून आणखी नवे मागवले. मिक्सर मेलबर्नला दुरुस्तीला गेला आणि काहीही बिघाड नाही अशी चिठ्ठी घेऊन आला. ट्रेमने चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या कुळाचा उद्धार केला. डिसेंबरपर्यंत परसातला मॅगपाय पक्षीसुद्धा बेसूर झाला होता. जग बिघडलं आहे हे माणसाला लवकर पटतं. आपला कान बिघडला आहे हे पटायला फेब्रुवारी उजाडला.

बेंडिगोला कान तपासणारीकडे मीच त्याला घेऊन गेलो, कारण लिनेटला बेकरीत ड्युटी होती. तरुण, शांत बाई होती. तिने त्याच्या डाव्या कानात एक सूर सोडला, मग उजव्या.

"दोन्ही सारखे वाटले?"

"नाही. उजवीकडचा वर आहे. जवळजवळ एक अख्खी काळी-पांढरी."

"म्हणजे?"

"म्हणजे डावीकडे पांढरी सहा असेल तर उजवीकडे काळी पाच."

"मी एकच सूर दिला," ती म्हणाली. तिने पुन्हा दिला. त्याने पुन्हा तेच सांगितलं. अशी माणसं क्वचित येतात असं ती म्हणाली. बहुतेकांना दोन कानांत फरक पडलेला कळतच नाही. हे तिने कौतुकाने म्हटलं असावं. कानाच्या आत बारीक केस असतात, टायरचे बोल्ट काढायच्या गनने आणि स्पीकरने मिळून ते गेले, असं तिने समजावलं.

"बरं होतं का हे?"

"कधी कधी होतं. पहिल्या काही आठवड्यांत."

"पाच महिने झाले."

तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

येताना त्याने माझ्या गाडीतला रेडिओ बंद केला. हार्कोर्टच्या पुढे आम्ही पाय, म्हणजे मटण भरलेली पेस्ट्री, खायला थांबलो. त्याने पायचं झाकण काढलं, आतल्या मटणावर सॉस ओतला, झाकण परत लावलं आणि खाल्ला नाही.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"लिनेटला?"

"तिला सांगावं लागेल. ती विचारते."

इतर कुणाला हे झालं असतं तर त्याने मायक्रोवेव्हला माफ केलं असतं आणि तो जगला असता. डीजेची गोष्ट वेगळी, कारण डीजे दोन कानांनी दोन गाणी ऐकतो. एका कानावर हेडफोन, त्यात येणारं गाणं. दुसरा कान उघडा, त्यात माळावर वाजत असलेलं. ट्रेमचा डावा कान हेडफोनचा, उजवा माळाचा. म्हणजे येणारं गाणं त्याला खऱ्या पट्टीत ऐकू येणार आणि चालू असलेलं एक पट्टी वर. जी दोन गाणी जगाला जुळलेली ती त्याला कायम तुटलेली. आणि त्याच्या कानाला जुळली, तर जगाला तुटलेली. उजवा कान बंद करून बघितला. मेणाचे बोळे घातले, त्यावर टोपी ओढली. पण माळावर लागतात त्या आकाराचे स्पीकर कानातून येतच नाहीत, ते हाडांतून येतात.

मार्चची सुट्टी तीन आठवड्यांवर होती. रविवारची सकाळ एकोणीस वर्षं ट्रेमची होती आणि ती त्याला विसावी हवी होती. त्याखेरीज त्याला या जगात फारसं काही हवं असल्याचं मला माहीत नाही.

तोडगा लिनेटने काढला. त्यांच्या स्वयंपाकघरात, चहा ओतता ओतता.

"टेप काढ," ती म्हणाली.

"कुठली?"

"पडद्यावरची. आकडे बघून लाव. ऐकूच नकोस."

"ऐकू नको."

"मी किती वर्षं पाव भाजते? ओव्हनवर आकडा आहे, मी आकडा लावते. आत डोकं घालून बघत नाही."

"पाव वेगळा."

"वेगळा आहेच. पाव लोक विकत घेतात."

ट्रेम माझ्याकडे बघायला लागला. मी बिस्किट चहात बुडवून ठेवलं, त्यामुळे मला बिस्किटाकडेच लक्ष देणं भाग होतं.

"आंधळ्याने भिंत रंगवायची, डब्यावर नाव लिहिलंय म्हणून," तो म्हणाला.

"आंधळ्याने रंगवलेली भिंत डोळसांना निळीच दिसते," लिनेट म्हणाली. "आणि डोळस बघायला येणार आहेत. तू नाही."

संध्याकाळी गॅरेजमध्ये त्याने टेप सोलली. चिकटलेला गोंद पेट्रोलच्या फडक्याने पुसला. चक्रावर शेजारी असलेले दोन आकडे बघून दोन गाणी जोडली आणि ती एकत्र चालू असताना आमच्याकडे वळला.

"कसं आहे?"

"छान," मी म्हणालो. छानच होतं.

"मला दोन मांजरं एका पोत्यात घातल्यासारखं ऐकू येतंय."

"आम्हाला एकच मांजर ऐकू येतंय," लिनेट म्हणाली.

तो हसला. त्या महिन्यात मी त्याला हसताना पाहिलं ते बहुधा तेवढंच.

रविवारी सकाळी माळ नेहमीसारखा होता. रेड गम झाडांखाली तंबू, तंबूंमध्ये माणसं, माणसांमध्ये धूळ. ग्लेनिस सत्तरीची, मेंढ्या आणि माळ दोन्ही तिचे. ती झगझगीत पिवळं जाकीट घालून घडीच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसलेली. अशा माळांवर आपले देव कापडावर छापून झाडांना टांगायची पद्धत आहे. यंदाचा गणपती सुतळीने बांधताना आडवा झाला होता, पण त्याने काही तक्रार केली नव्हती. आवाजाच्या टेबलाशी ड्यूगल होता. ड्यूगल एरवी मेंढ्या कातरतो, आणि स्पीकर, वायरी, जनरेटर यांतलं त्याला जेवढं कळतं तेवढं जिल्ह्यात कुणाला कळत नाही. तो ट्रेमचा पहिल्या वर्षापासूनचा दोस्त, आणि कुणी कधी वाजवायचं तेही तोच ठरवतो. त्याला कानाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

"टेप कुठे गेली?" त्याने ट्रेमची यंत्रं जोडताना विचारलं.

"उन्हाने सुटली."

"म्हातारा झालास लेका. पुढल्या वर्षी चष्मा लावशील."

"पुढल्या वर्षी तुझी बत्तिशी काढून ठेवायला डबी आणीन. वायर जोड."

नऊ वाजता त्याने सुरू केलं. पहिला तास असा गेला की मी टोस्ट भाजायच्या तंबूतून बाहेर येऊन उभा राहिलो आणि तिथे दोन टोस्ट जळाले. एकही सांधा दिसत नव्हता. एक गाणं कधी गेलं आणि दुसरं कधी आलं ते सूर्य कधी वर आला यासारखं, मागाहून कळायचं. मांत्रिकाचा झगा घातलेला एक दांडगा माणूस रडत नाचत होता. गेल्या एकोणीस वर्षांत ट्रेमने इतकं चांगलं वाजवलं नव्हतं, हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे. आकडे चुकत नाहीत.

मी पाणी घेऊन मंचावर गेलो. त्याच्या कपाळाला घाम होता आणि जबडा दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आवळलेला.

"नाचतायत का रे?"

"बघ की समोर."

"बघतोय. हे ऐकून नाचतायत?"

"हे म्हणजे फार छान आहे, ट्रेम."

त्याने मान हलवली. पडद्यावरचा आकडा बघितला, पुढचं गाणं सोडलं आणि पुन्हा जबडा आवळला. विहिरीत बादली सोडावी आणि ती पाण्याला लागल्याचा आवाजच येऊ नये, असा तो खाली बघत होता.

अकराच्या सुमाराला त्याचा ठरलेला एक सांधा असायचा. चालू गाण्यातले ठोके थांबतात, नुसते सूर उरतात, लोक हात वर करून वाट बघतात आणि त्या सुरांच्या पोटातून दुसऱ्या गाण्याची चाल वर येते. त्यासाठीच लोक दुपारपर्यंत तंबू मोडून घरी जात नाहीत. ठोके नसतात, म्हणजे लपायला जागा नसते. असते ती नुसती पट्टी. दोन्ही गाणी पांढरी सहाची. आकडे तेच सांगत होते.

ठोके थांबले. हात वर गेले. ट्रेमने डावा कान हेडफोनमध्ये घातला, उजवा माळाकडे केला. ती पोत्यातली मांजरं त्याला तिथे ऐकू आली असणार, त्याच्या सर्वांत लाडक्या जागेवर. यंत्रावर एक बटण असतं, गाणं एका पट्टीने वर चढवायचं. एरवी तो त्या बटणाला हात लावायचा नाही, लावणाऱ्याला कसाई म्हणायचा. त्याचं बोट तिथे गेलं. एकदा दाबलं आणि येणारं गाणं वर सोडलं.

आणि त्याचा चेहरा सैल झाला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा त्याच्या दोन्ही कानांत एकच गाणं वाजत होतं. त्याने डोळे मिटले.

आमच्या कानांत पांढरी सहा आणि काळी पाच एकाच वेळी वाजत होत्या. पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र दाबून भाता सोडू नये तसं, आणि पेटी मोठ्या वाड्याएवढी. झग्यातल्या मांत्रिकाने हात खाली घेतले. एका मुलीने हातातल्या बाटलीकडे संशयाने बघितलं. काही जण नाचतच राहिले, त्यांना जनगणनेतही धरू नये. लिनेट माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, तिने माझं मनगट धरलं.

एरवी तो हा सांधा मिनिटभर चालवायचा. त्या दिवशी त्याला तो इतका गोड लागत होता की त्याने तो लांबवला. डोळे मिटून, डोकं किंचित कलतं करून, थोडं अजून, थोडं अजून. माणूस इतका सुखात असताना त्याला थांबवायला कोण जाणार.

ड्यूगल गेला. तो टेबलावरून उठला, जनरेटरकडे पळाला आणि माळावरचा सगळा आवाज एकदम बंद झाला. शांततेत मेंढ्या ऐकू आल्या.

"जनरेटर," ड्यूगल तिकडून ओरडला. "व्होल्टेज पडलं. दोन मिनिटं."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, टाळ्या वाजवल्या, जनरेटरला शिव्या दिल्या. ट्रेमने डोळे उघडले. त्याने खाली आलेले हात पाहिले, मग पडद्यावरच्या आकड्यापाशी उभा असलेला, गाणं एका पट्टीने चढवल्याचा तो 'अधिक एक'. मग जनरेटर. त्याने हेडफोन काढून गळ्यात घेतले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, टायर आणायला मागच्या खोलीत गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तितकंच.

आवाज परत आल्यावर उरलेला वेळ त्याने आकडे बघून काढला. शेवटी लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या.

त्या माळावर एक रिवाज आहे. रविवारी कुणी कुणाला वाजवण्याबद्दल विचारत नाही, कारण रविवारी सगळ्यांना सगळंच आवडतं. सोमवारी विचारत नाहीत, कारण सोमवारी कुणालाच काही आवडत नाही. अंगात उरलेल्या नशेच्या वस्तूंचा तो दोष. मंगळवारी खरं सांगायचं. मंगळवारी मित्र मित्राला फोन करून जे बोलतात ते एरवी भावकीच्या खटल्यात बोलतात, आणि ते मनावर घ्यायचं नाही असाही रिवाज आहे. एका मंगळवारी ड्यूगल ट्रेमला म्हणाला होता की तुझा दुसरा तास गालिच्याच्या दुकानात हरवल्यासारखा होता. ट्रेम ते वाक्य वर्षभर अभिमानाने सांगत फिरला.

या मंगळवारी आधी ग्लेनिसचा फोन आला. सुंदर झालं म्हणाली, मेला तो जनरेटर भाड्याने आणायला नको होता म्हणाली. ड्यूगलने फोन केला नाही. तो स्वतः आला. मी गॅरेजमध्ये होतो, माझ्या गाडीचं मागचं चाक काढून झालं होतं.

"पुढचा डावा जरा बघतोस?" ड्यूगल म्हणाला. "एका बाजूने खातोय असं वाटतंय."

ट्रेमने वाकून बघितलं. चारही टायर त्यानेच जानेवारीत बसवले होते.

"सांग," तो खालूनच म्हणाला.

"काय?"

"मंगळवार आहे."

ड्यूगलने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "पहिला तास तुझा आजवरचा सगळ्यात चांगला. खोटं नाही सांगत."

"आणि अकराचा?"

"अकराला जनरेटर."

"जनरेटरने पट्टी चढत नाही, ड्यूगल."

"भाड्याचा होता. काय काय होतं त्यांच्यात."

"तू मला शिकवलंस ते. बंद पडतं, नाहीतर चालतं. चढत नाही."

मेंढी कातरताना चुकून कापली गेली की राहतो तसा ड्यूगल हात लांब धरून उभा राहिला. मी माझ्या चाकाकडे बघत होतो. ट्रेम उठला, हवेची नळी घेतली आणि ज्या टायरला हवा नको होती त्यात हवा भरायला लागला. भरून झाल्यावर दुसऱ्या टायरकडे गेला.

"तो पहिला तास," तो म्हणाला, "मला ऐकू आला नाही."

"कसा ऐकू येईल, तुझं लक्ष वाजवण्यात."

"बरोबर."

चौथा टायर झाला. त्याने नळी गुंडाळून खुंटीला अडकवली, हात पुसले.

"पुढल्या वर्षीची सकाळ किर्राला दे," तो म्हणाला. किर्रा शनिवारी संध्याकाळी वाजवते, चांगली आहे, पडद्यावर टेप लावत नाही.

रिवाजाप्रमाणे इथे ड्यूगलने वाद घालायला हवा होता. येडा झालास का म्हणायला हवं होतं, निदान बघू म्हणायला हवं होतं. ट्रेम फडकं हातात धरून तेवढ्यासाठी थांबला होता, हे मला दिसत होतं आणि ड्यूगललाही दिसत असणार.

"बरं," ड्यूगल म्हणाला. "सांगतो तिला."

तो गाडीत बसला, काच खाली करून टायरबद्दल आभार मानले आणि गेला. ट्रेम तो वळेपर्यंत बघत राहिला. मग त्याने माझं चाक उचलून बसवलं, लिनेटने आणलेले कान झाकायचे मफ दोन्ही कानांवर नीट चढवले आणि बोल्ट आवळायला गन हातात घेतली.